नारायणरावांचे गाल

रेषा कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य माझं आहे. चित्रकलेच्या कॉलेजात शिकवत होतो तेव्हा दर वर्षी नव्या वर्गापुढं, आवाज जरा खाली आणून, मी ते म्हणायचो; मागच्या बाकावरचेसुद्धा क्षणभर मान वर करायचे. निवृत्त झालो तेव्हा मुलांनी तेच वाक्य सुलेखनात लिहून, काचेच्या चौकटीत घालून, शाल-नारळासोबत मला परत केलं. रेषेपुरतं ते खरं असेलही. रेषा ओढणाऱ्याबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही — जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मध्येच बोलणार नाही. आणि खरं सांगू? याआधीही मी हे मनाशी मांडायला बसलोय. दर वेळी कागदाबद्दल, शाईबद्दल, कोरण्याच्या पद्धतीबद्दलच बोलत राहतो. मास्तरकीची सवय. अडचणीचा मुद्दा आला की फळा पुसायला घ्यायचा.

आजही तेच होईल कदाचित. पण बघू.

दुष्काळापासून सुरुवात करतो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. नाव बदललं; नळाची मर्जी तीच राहिली. पावसानं लागोपाठ दगा दिलेली ती वर्षं. धरण तळाला गेलेलं, आणि शहर मात्र दौलताबाद रोडनं असं पसरत चाललेलं, की जणू पाणी पुढं कुठंतरी सांडलंय आणि हे ते शोधायला निघालंय. पडेगावला आमची सोसायटी उभी राहिली ती त्याच दिवसांत. माहितीपत्रकावर कारंजं होतं. प्रत्यक्षात टँकर होता. तो आला की एरवी एकमेकांना 'साहेब' म्हणणारी माणसं पायजमे खोचून पाइपासाठी भांडायची.

सोसायटी उभी केली मुकुंदानं. मुकुंदा इंजिनिअर, राहायला उस्मानपुऱ्यात, माणूस सरळ, मला 'सर' म्हणणारा. त्यानं सोसायटीत एक सभागृह बांधलं आणि त्याला आपल्या आजोबांचं, नारायणरावांचं, नाव द्यायचं ठरवलं. वाढत्या शहराला इतिहास लागतो. जमीन बिगरशेती झाली की लगेच लागतो. निमंत्रणपत्रिकेच्या पहिल्या मसुद्यात नारायणराव 'समाजधुरीण' होते. दुसऱ्यात 'द्रष्टे' झाले. वास्तविक ते निजामाच्या काळात कचेरीबाहेर बसून, ज्यांना उर्दू यायचं नाही अशांचे अर्ज लिहून देत. माझ्या मते एका आयुष्यात एवढं केलं तर पुरे. पण सभागृहाला ते पुरत नाही.

द्रष्ट्याला चेहरा हवा. फोटो नव्हता. होता तो एक छापील ठसा — एकुलता एक — आणि तो होता नारायणरावांच्या मुलीकडं. ही मुकुंदाची आत्या. लग्न होऊन देवगाव रंगारीला गेलेली, तिथंच म्हातारी झालेली, डोळ्यांत मोतीबिंदू. त्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरी आटल्या तेव्हा मुकुंदानं तिला उस्मानपुऱ्याला आणलं. सोबत एक ट्रंक. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत, दोन पुठ्ठ्यांमध्ये, तो ठसा. ती त्याला ठसा म्हणायची नाही, चित्रही नाही. "बाबा ट्रंकंत आहेत, काढ रे त्यांना," असं म्हणायची.

आता कागदाबद्दल सांगतो. हे खरंच सांगायला लागेल, टाळाटाळ नाही.

नारायणरावांचे एक दोस्त होते, बशीरभाई. गुलमंडीकडं बसून भांड्यांवर नावं घालून देणं हा त्यांचा धंदा. तुमच्या घरात आजीचं नाव घातलेला एखादा तांब्या असेल तर बघा: ते अक्षर सलग नसतं, ठिपक्याठिपक्यांचं असतं. छिन्नीचं टोक, हातोडीची हलकी ठोक, एक ठिपका. या बशीरभाईंनी दोस्तीत एका तांब्याच्या पत्र्यावर नारायणरावांचा चेहरा ठोकला, पत्र्यात शाई चोळली, वरची पुसली, ओला कागद अंथरला आणि सगळं उसाच्या चरकातून काढलं. चरकाची गोष्ट मला घरच्यांची थाप वाटली होती. पण कागदाच्या कडेला पत्र्याचा असा खोल दाब उमटलेला होता की तो हातानं येणं शक्य नव्हतं. अशा छपाईत शाई कागदावर किंचित उभी राहते. डोळ्याला ते दिसेलच असं नाही, बोटाला कळतं.

पागोटं रेषांचं होतं. मिशी रेषांची. भुवया, नाकाची बाजू, कपाळावरची आठी — सगळं छोट्या, तुटक, ठाम रेषांचं. गालांवर मात्र रेषा नव्हत्या. नुसते ठिपके, काही दाट, काही सुटे. शाई घरी जवसाच्या तेलात घोटलेली असावी, कारण तेल पाझरून ठिपक्याठिपक्याभोवती तपकिरी कडं आलं होतं.

मुकुंदानं बघायला घरी बोलावलं तेव्हा मी भिंग लावलं, आणि म्हणालो, "बुरशी."

जुन्या कागदावर तपकिरी ठिपके म्हणजे बुरशी, हे मी वर्षानुवर्षं शिकवलेलं. आणि प्रतिष्ठित माणसाच्या चित्रात गाल गुळगुळीत असतात, हेही. मी पाहिलेल्या सगळ्या नामांकित ठशांत ते तसे होते. भांड्यावर नावं घालणाऱ्याला हा नियम कुणी सांगितलेला नसेल, असा विचार माझ्या मनात आला नाही. मुकुंदानं विचारलं, "सर, जातील डाग?" मी म्हणालो, जातील. कशाच्या जोरावर म्हणालो? तो 'सर' म्हणाला, त्याच्या जोरावर.

आत्या पलंगावर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "जपून न्या. हात लावून लावून मीच झिजवलंय त्यांना."

तुम्ही असता तर विचारलं असतं ना — कुठं हात लावायचात? कामून? साधा प्रश्न. मला नाही सुचला. जाणकार माणूस विचारत नसतो, त्याला विचारतात.

घरी आणून मी तो कागद परातीत पाण्यात घातला. ही रीत आहे, मी काही नवी काढली नव्हती. फक्त त्या रीतीला शुद्ध पाणी लागतं आणि माझ्याकडं टँकरचं होतं — त्या दिवशी तर त्याला जंतुनाशक पावडरीचा असा वास येत होता की डोळे चुरचुरावेत. बायको दारात उभी राहून म्हणाली, "माणसं घामेजून बसलीत, अन् तुमचा फोटो आंघोळ करतोय." मी हसलो. छान मूड होता माझा. मऊ कुंचल्यानं गाल चोळायला लागलो. कडी फिकट झाली, ठिपके नाही. मग कापूस. मग — हे वाक्य मी इतकी वर्षं गिळत आलोय — मग ब्लेड. ओला कागद, त्यावर ब्लेडच्या धारेनं एकेक ठिपका खरवडून काढला.

बुरशी इतकी खोल धरून बसत नाही, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आलं का? आलं. उजवा गाल संपत आला तेव्हा एक बारीकशी शंका आली, सुईएवढी. पण एक गाल साफ झाला होता, आणि एका गालावर थांबता येत नाही.

कागद वाळला तेव्हा नारायणरावांच्या दोन्ही गालांच्या जागी कापूस पिंजल्यासारखं पांढरं काहीतरी होतं. वर पागोटं, मध्ये डोळे, खाली मिशी, आणि बाजूंना काही नाही. ते डोळे माझ्याकडं बघत होते असं लिहायचा मोह होतोय. नव्हते बघत. ते बशीरभाईंकडं बघत होते.

इथं थांबून, रिक्षा करून, उस्मानपुऱ्याला जाऊन 'माझ्या हातून नासलं' म्हणता आलं असतं. मुकुंदा ओरडला नसता. तसा मुलगाच नाही तो. मग कशाला भ्यायलो? त्या 'सर'ला भ्यायलो, दुसरं काय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शाली-नारळांची टिंगल केली, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा शाल घट्ट धरून बसलो.

शाई फुटू नये म्हणून मी तुरटीचं पाणी लावून कागद आवळून घेतला, वरून वाटी घासून घासून बसवला, बारीक टाक घेतला, आणि गाल काढले. आडव्या रेषा, त्यावर तिरप्या, रेषांची एकसारखी जाळी — शिकवताना फळ्यावर काढायचो तशी. नमुना म्हणून सोसायटीच्या माहितीपत्रकावरचा मुकुंदाचा फोटो समोर ठेवला. नातू आहे, गालांत काहीतरी उतरलं असेलच म्हणून. रेषा सुंदर आल्या. सांगायला लाज वाटते, पण आल्या. त्यातली एकही थरथरली नाही.

चित्र परत नेलं त्या दिवशी मुकुंदाकडं सोसायटीच्या समितीची मंडळी जमली होती. चहा, चिवडा, पत्रिकेचा तिसरा मसुदा. चित्र बघून सगळे एकदम बोलायला लागले. "अगदी मुकुंदा!" "गालाची ठेवण तर बघा, अगदी तीच!" — बघा, पुरावाही मिळाला. मी नम्रपणे मान हलवत होतो.

"द्या इकडं," आत्या म्हणाली.

तिनं ते मांडीवर घेतलं. बोट पागोट्यावरून खाली आणलं. कपाळ, भुवई, नाक. मग गाल. तिथं बोट थांबलं. तिनं ते पुन्हा वरून आणलं, पुन्हा तिथंच थांबवलं. मग दुसरा गाल. खोलीत चिवडा खाण्याचा आवाज चालू होता.

"मुकुंदा, हे बाबा नाहीत."

"आत्या, बाबाच आहेत. सरांनी साफ केलेत."

"गालावर देवीचे वण होते रे बाबांच्या. लई होते. मी मांडीवर बसून मोजायची, अन् बाबा म्हणायचे, चुकलीस, पहिल्यापासून मोज." ती हसली, हे सांगताना. "ह्यात पण होते. बशीरचाचानं बरोब्बर ठोकले होते."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. कळलं म्हणजे नुसतं मी काय खरवडलं ते नाही — बशीरभाईंनी काय केलं होतं तेही. आयुष्यभर ठिपके ठोकणाऱ्या माणसासमोर त्याचा दोस्त बसला, आणि दोस्ताचा चेहरा त्याच्याच छिन्नीच्या भाषेतला निघाला. इतर ठिकाणी तो रेषा ओढायला शिकला, धडपडला. गालांवर आल्यावर मात्र त्याला काही शिकावं लागलं नसेल. मी वर्गात पोत, पोत म्हणून जे घसा कोरडा करून सांगायचो, ते इथं होतं. ते मी परातीत धुऊन मोरीत ओतलं होतं.

आणि मी म्हणालो, "आत्या, ती बुरशी होती. जुन्या कागदावर येते. वण वाटले असतील तुम्हाला."

आवाज जरा खाली आणून म्हणालो.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "वय झालं की होतं असं, आजी. आमच्या मातोश्रींचं पण तसंच." मुकुंदाची बायको म्हणाली, "आत्या, सर त्यातले मास्तर आहेत हो. त्यांना कळतं ना." कुणीतरी हसलं, प्रेमानंच.

आत्यानं बोट उचललं. माझ्या दिशेला तोंड करून म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं मी बुरशीला हात लावत होते?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी निभावून नेला असता. ती खरंच विचारत होती. मी चहाचा कप उचलला. कप रिकामा होता; तरी प्यायलो.

हा माझा कबुलीजबाब, असं म्हणून इथं संपवता आलं असतं. चित्र नासलं, लपवलं, एका म्हातारीला खोटं पाडलं — बऱ्यापैकी गुन्हा झाला. पण मुद्दा अजून पुढं आहे. पाहिलंत ना, फळा पुसायला हात जातोच.

सभागृहाचं उद्घाटन झालं. पाहुण्यांच्या गाड्यांनी धूळ उडू नये म्हणून सकाळी रस्त्यावर टँकरनं पाणी मारलं — त्या उन्हाळ्यात, रस्त्यावर — आणि आम्ही सगळे कडेला उभं राहून ते जिरताना बघत होतो. मोठं केलेलं चित्र व्यासपीठाच्या वर लावलेलं. पाहुणे उशिरा आले, चित्राकडं हात करून म्हणाले, "हा निष्कलंक चेहराच सर्व काही सांगून जातो." टाळ्या. मला शाल मिळाली. आत्याला आणलं नव्हतं. गर्दीत तिला कळणार नाही काही, असं मुकुंदा म्हणाला.

तिला आता काही कळत नाही, हे घरात हळूहळू ठरत गेलं. वाईट हेतूनं नाही. एकदा वडिलांचाच चेहरा विसरली म्हटल्यावर बाकीच्याचं काय धरायचं? ती म्हणाली गॅस चालू राहिलाय, तर कुणी लगेच उठायचं नाही. ती म्हणाली अमका येऊन गेला, तर एकमेकांकडं बघायचे. मी अधूनमधून जायचो. आधी ती गेल्या गेल्या सुरू व्हायची — बाबा असे, बाबा तसे, कचेरीबाहेरचं लिंबाचं झाड, दौतीत बोट बुडवल्यावर खाल्लेला मार. मग ते बंद झालं. मी मुद्दाम विषय काढला तर म्हणायची, "असं काहीतरी होतं. मुकुंदाला विचारा." मुकुंदा तर आजोबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलेला. ठसा तिनं पुन्हा ट्रंकेत ठेवायला मागितला नाही. वयानंही झालं असेल हे. होतंच. हे 'वयानंही असेल' मी इतकी वर्षं कुरवाळत बसलोय की आता त्याला काही धार उरली नाही.

पुढच्या वर्षी, पाऊस पुन्हा नव्हताच, एका दुपारी मी गेलो तेव्हा घरात ती एकटी होती. मुकुंदाची बायको दार उघडून शेजारी गेली. आत्या पलंगावर भिंतीला टेकून बसलेली. माझा आवाज ओळखला. थोडा वेळ पाण्याचं, उकाड्याचं बोललो. मग ती म्हणाली,

"सर, एक विचारू? बाबांचा चेहरा कसा होता हो?"

मी खुर्ची जरा पुढं ओढली.

"मला आता दोन दोन दिसतात. एक वणाचा, एक बिनवणाचा. कुठला खरा, काही कळंना. झोपताना एक धरावा म्हणलं तर दुसरा येतो." ती जरा हसली. "तुम्ही भिंगानं बघितलंय. तुम्ही सांगा."

तिथं कुणी नव्हतं. समिती नव्हती, मुकुंदा नव्हता, चिवडा नव्हता. मी खरं बोललो असतो तर ते त्या खोलीबाहेर गेलं नसतं. तिनं कुणाला सांगितलंच असतं तरी तिच्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? ती सोय मीच करून ठेवली होती. जायचं काहीच नव्हतं माझं. एक शब्द पुरला असता. 'वणाचा.' तीन अक्षरं.

मी म्हणालो, "बिनवणाचा. गाल अगदी स्वच्छ होते."

आणि एवढ्यावर थांबलो नाही. मी त्या चेहऱ्याचं वर्णन केलं. गालांची ठेवण कशी, उजेड कुठल्या बाजूनं पडलाय, हनुवटीकडं सावली कशी उतरते — माझ्याच रेषा मी तिला तिचा बाप म्हणून ऐकवल्या. चांगलं वर्णन केलं. ती डोळे मिटून, मान हलवत ऐकत होती, एकेक गोष्ट जागेवर ठेवत असल्यासारखी.

"असंल," ती म्हणाली. "तुम्ही नीट बघितलंय."

त्यानंतर दिवाळीच्या आत ती गेली. मी पोचवायला गेलो होतो. सगळ्यांबरोबर उभा होतो, सगळ्यांबरोबर परत आलो.

पहिल्यांदा घाबरलो होतो, हे समजू शकतं. दुसऱ्यांदा का? याची कारणं मला सुचतात. मी वाचणारा माणूस आहे, चांगली, घोटीव कारणं सुचतात. ती मी इथं लिहिणार नाही. मुकुंदाला सांगितलं नाही. आता सांगेन का, तर तेही नाही; तो अजून 'सर' म्हणतो.

सभागृहात चित्र अजून तिथंच आहे. खाली वाढदिवस होतात, साड्यांचे सेल लागतात. रोज ताजी फुलं कोण आणणार, म्हणून मुकुंदानं नारायणरावांना प्लॅस्टिकच्या झेंडूचा कायमचा हार घातलाय. चौकटीच्या मानानं तो फारच जाड आहे, आणि पंख्यानं हलू नये म्हणून इलेक्ट्रिशियननं तो दोन्ही बाजूंनी तारेनं आत ओढून बांधलाय. त्यामुळं गाल दिसत नाहीत. पागोटं, डोळे, नाक आणि मिशी, एवढंच दिसतं. तेवढं मूळचंच आहे.